दारं काढलेली जीप आणि एका सहीसाठी चार खेपा

दोन महिने झाले, तरी पोलिस ठाण्यातल्या त्या खिडकीपुढचा लाकडी बाक आठवला की माझं डोकं तापतं. मला एक सही हवी होती, तीही एका आरशासाठी. तिच्यापायी मी चार खेपा घातल्या आणि कामावरून तीनदा अर्ध्या दिवसाची रजा काढली. दारं काढून जीप चालवायची हौस ज्यांना आहे, त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझी २०१५ ची जीप रँग्लर आहे, दोन दारांची, कापडी टपाची. इकडे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतोच, त्यामुळे जून उजाडला की टप मागे आणि दारं गॅरेजात. रँग्लरची दारं काढता यावीत अशीच बनवलेली असतात. काच खाली करायची, बिजागऱ्यांचे स्क्रू टी-५० टॉर्क्सच्या, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या तोंडाच्या पान्यानं काढायचे, डॅशबोर्डखालचं वायरिंगचं सॉकेट सोडवायचं, दाराचा पट्टा सोडायचा आणि दार सरळ वर उचलायचं. अर्ध्या तासात दोन्ही दारं निघतात. अडचण एवढीच की बाजूचे आरसे दारांवरच असतात. दारं गेली की तेही गेले.

माझी समजूत होती की आतला आरसा आहे तेवढा पुरे. समुद्रकाठच्या हाफ मून बे गावाला निघालो होतो, ९२ नंबरच्या रस्त्यानं. मुलगा शेजारी बसून पायाला वारा लागतोय म्हणून खूश होता. डोंगर उतरायच्या आधीच मागे निळे-लाल दिवे लागले. अधिकारी शांतपणे बोलला. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं कलम २६७०९ सांगतं की गाडीला किमान दोन आरसे हवेत, त्यातला एक डाव्या बाजूला, म्हणजे इथल्या चालकाच्या बाजूला. आणि त्यातून मागचा रस्ता किमान २०० फूट, म्हणजे साधारण ६१ मीटर दिसला पाहिजे. त्यानं हातात तिकीट, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याची नोटीस, ठेवलं. इथे त्याला सगळे फिक्स-इट तिकीटच म्हणतात. दोष दुरुस्त करायचा, तिकिटाच्या मागे अधिकाऱ्याची सही घ्यायची, ते कागद आणि २५ डॉलर मुदतीच्या आत कोर्टाकडे पोचवायचे, की प्रकरण मिटलं. ऐकायला इतकं सोपं वाटलं की मी त्याचे आभार मानून निघालो.

त्या रात्रीच आरसे मागवले. पहिला विचार सगळे करतात तोच केला: दाराच्या बिजागरीत बसणारे गोल आरसे. दार काढल्यावर गाडीच्या अंगाला बिजागरीचा अर्धा भाग उरतो, त्याला भोक असतं. आरशाच्या दांडीची खुंटी त्या भोकात सोडायची आणि खालून हातानं छोटी चाकी पिळून घट्ट करायचं. पाना लागत नाही, पाच मिनिटांत बसतो. स्वस्त असतो, दिसतोही छान. मी गल्लीत एक चक्कर मारली, मागची सायकलवाली मुलं स्वच्छ दिसली. वाटलं, झालं काम.

मग सहीच्या मागे लागलो.

पहिली खेप फुकट गेली ती माझ्या अज्ञानामुळे. वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो, नंबर घेतला, दीड तास बसलो. तिथल्या बाईंनी कागद उलटा करून पाहिला आणि सांगितलं की लायसन्स किंवा नोंदणीचा दोष असेल तर सही आम्ही देतो, गाडीच्या सामानाचा दोष असेल तर पोलिसांकडे जा. एवढं लक्षात ठेवा आणि आरशासाठी त्या रांगेत उभे राहू नका.

दुसरी खेप एका पोलिस ठाण्यात. बुधवारी दुपारी जेवणाची सुट्टी वाढवून गेलो. खिडकीशी नाव सांगितलं, कागद दाखवला, बसा म्हणाले. मी त्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो, बाजूला पाण्याचं यंत्र. माझ्यानंतर आलेले चार जण काम उरकून गेले. एक तास पन्नास मिनिटांनी मी परत खिडकीशी गेलो, तेव्हा दुसऱ्याच माणसानं मान वर केली आणि म्हणाला, गाडीची तपासणी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी ९ ते ११. मला खरा राग आला तो इथे. तपासणीचे वार ठरलेले असतील तर हरकत नाही, त्या लोकांना दुसरीही कामं आहेत. पण हे दारावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपात नव्हतं. पहिल्या माणसानं कागद पाहिला तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. दोन ओळींची पाटी लावली असती तर माझ्यासारख्या किती जणांची दुपार वाचली असती! हे मी तिथेच, आवाज न चढवता, पण स्पष्ट बोललो. त्यानं मान डोलावली. पाटी पुढच्या खेपेलाही नव्हती.

तिसरी खेप गुरुवारी सकाळी साडेनऊला. घरून निघताना आरसा नीट लावलेला होता. मधे ८८० नंबरचा फ्रीवे लागतो, तिथे ताशी ६५ मैलांवर गोल आरसा थरथरायला लागला. मागच्या ट्रकचे दिवे आरशात ठिपक्यांसारखे दिसायला हवेत, ते दोन लांबट रेघा झाले. पुढे वाऱ्याच्या दाबानं दांडी हळूहळू फिरत गेली. हातानं सरळ केली, परत फिरली. दार नसल्यामुळे हात सहज पोचतो एवढंच काय ते सुख. त्याहून वाईट म्हणजे आरसा बहिर्गोल होता. ट्रक लांब आहे असं वाटून मी लेन बदलायला गेलो आणि इतका मोठा हॉर्न वाजला की छातीत धस्स झालं. नव्या गाड्यांसाठीच्या अमेरिकेच्या संघीय मानक १११ मध्ये चालकाच्या बाजूचा आरसा सपाट मागितला आहे, बहिर्गोल चालतो तो दुसऱ्या बाजूला. म्हणूनच त्या बाजूच्या आरशावर छापलेलं असतं की वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत. बाजारातले हौशी गोल आरसे मात्र दोन्ही बाजूंना सर्रास बहिर्गोल येतात, आणि डब्यावर ते बारीक अक्षरात असतं. विकत घेताना हे आधी पाहा.

ठाण्याच्या आवारात अधिकारी बाहेर आला, कागद घेतला, चालकाच्या जागेवर बसला आणि आरशात पाहिलं. त्याला जीपचं मागचं चाक आणि डांबर दिसलं. मी म्हटलं, आत्ता सरळ करतो. तो म्हणाला, करा. मी केला. त्यानं एका बोटानं दांडीला हलकं ढकललं आणि आरसा आकाशाकडे वळला. कागद तसाच परत दिला. सही नाही. आरशाबद्दल त्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मुदत संपायला बाराच दिवस उरले होते, पुढचा वार मंगळवार, आणि त्या मंगळवारी आमच्या ऑफिसात महत्त्वाची बैठक. आवारात उभं राहून मी हिशेब केला, मिळत होता तो फक्त पुढचा गुरुवार.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा साताऱ्याला असतात. पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते, निवृत्त होईपर्यंत. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप भारतात जुळवायला घेतली, त्याच वंशातल्या उघड्या जीपवर त्यांनी कोयनेच्या खोऱ्यात वर्षं काढली. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, "अरे, पण दाराच्या बिजागरीला कशाला लावलास? आमच्या गाडीला दारंच नव्हती. आरसा काचेच्या चौकटीच्या बुडाशी, दोन बोल्टांवर. घाटात एवढे हादरे बसायचे, पण जागचा हलला नाही कधी."

मी म्हटलं, "बाबा, इथे तसे मिळतात, पण बोल्ट काढावे लागतात."

"मग काढ की. दांडी आखूड घे आणि दोन ठिकाणी आवळ. एका खुंटीवर उभा केलेला आरसा वाऱ्यात फिरणारच."

ही गोष्ट मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती. लांब दांडी, एकच आधार, तोही भोकात थोडा सैल, आणि टोकाला वारा अडवणारी ताटली. तो थरथरणारच. आखूड जाड दांडी आणि दोन बोल्टांवरची पट्टी असेल तर थरथर निम्म्याहून कमी होते, हे मी पुढे स्वतः पाहिलं.

पुढच्या काचेची चौकट जिथे गाडीच्या अंगाला जोडलेली असते, तिथल्या बिजागरीच्या बोल्टांखाली बसणारी पट्टी मागवली, सोबत डावीकडे सपाट चौकोनी आरसा, उजवीकडे बहिर्गोल. खरं काम इथे होतं. जुन्या रँग्लरचे हे बोल्ट गंजानं धरून बसतात. डावीकडचा वरचा बोल्ट काही केल्या हलेना. जोर लावला असता तर टॉर्क्सचं तोंड गोल झालं असतं आणि मग ड्रिल करून काढण्याशिवाय गत नव्हती. गंज सोडवणारं तेल रात्री तीनदा मारलं. सकाळी बायकोनं विजेरी धरली, मी पाना तोंडात नीट बसवून मागून हातोडीनं दोन ठोके दिले आणि सावकाश फिरवलं. टक् असा एक कोरडा आवाज आला आणि बोल्ट सुटला. तो आवाज अजून कानात आहे. आम्ही दोघंही एकदम हसलो. बोल्ट एकेक करून काढा, सगळे एकदम काढले तर चौकट सरकते. परत बसवताना पेचांवर निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावा, लाल नको, लाल लावलंत तर पुढच्या वेळी बोल्ट तापवावा लागेल.

चौथी खेप गुरुवारी. नवाला पाच मिनिटं कमी असताना पोचलो, रांगेत दुसरा होतो. वेगळा अधिकारी, वयानं मोठ्या बाई. त्यांनी बोटानं ढकललं, मग पंजानं ढकललं. आरसा हलला नाही. गाडीत बसून मागे पाहिलं आणि तिकिटाच्या मागे सही केली, बिल्ला क्रमांक आणि तारीख घातली. सगळं मिळून चार मिनिटं. मी त्यांना पाटीबद्दल सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाकीच्या पर्यायांबद्दल जे कळलं ते सांगून टाकतो. नळीची दारं मिळतात, म्हणजे वाकवलेल्या पाइपची चौकट, तिला आरसा क्लॅम्पनं बसतो. दिसायला दणकट, पण पाइप गोल असल्यामुळे क्लॅम्प सरकतो. मधे रबराची पट्टी घालून आवळलात तरच टिकतो. आतला रुंद आरसा जोडीला चांगला आहे, मात्र रँग्लरचं सुटं चाक मागे टांगलेलं असतं, ते मधला बराच भाग खातं, तेव्हा त्याच्या भरवशावर बाजूचा आरसा सोडू नका. शेजाऱ्याकडे फोर्ड ब्राँको आहे, २०२१ मध्ये परत बाजारात आली ती. तिचे आरसे दारांवर नाहीत, काचेच्या पायथ्याशी गाडीच्या अंगाला आहेत, त्यामुळे दारं काढली तरी आरसे जागेवर. नवी गाडी घेणाऱ्यानं हे नक्की विचारात घ्यावं. मला माझी जीप विकायची नाही.

बिजागरीतले गोल आरसे मी फेकले नाहीत. हॉलिस्टर हिल्सला कच्च्या वाटांवर तेच लावतो. तिथे वेग नसतो, झाडाची फांदी लागली तर दांडी फिरते, मोडत नाही. बहिर्गोल असल्यामुळे खाली वळवले की मागचं चाक कुठल्या दगडावर चढतंय ते दिसतं. पार्किंगमध्ये सोडून जाताना मात्र काढून पिशवीत टाका, ते कोणीही हातानं उपसून नेऊ शकतो. चौकटीवरचे तसे निघत नाहीत.

आणखी एक राहिलं. नवे आरसे बसवल्यावर पहिल्या पन्नास-साठ मैलांनंतर नट पुन्हा आवळा, रबर दबून थोडी ढील येते. मी नटावर आणि पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लगेच कळतं. आणि सही झालेल्या कागदाचा, मागचा-पुढचा, फोटो काढल्याशिवाय तो पाकिटात घालू नका. मी कोर्टाला २५ डॉलरचा चेक जोडून पाठवला, तीन आठवडे काही उत्तर नव्हतं, आणि तेवढे दिवस तो फोटो हाच माझ्याकडचा एकमेव पुरावा होता. प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं त्या शनिवारी आम्ही परत हाफ मून बेला गेलो. ९२ च्या चढावर मागे वाळूचा ट्रक होता. डावीकडच्या सपाट आरशात त्याच्या पुढच्या नंबरपट्टीवरचे आकडे मुलानं उलटे वाचून दाखवले.