यंदा कोण परत आलं?

रविवारी विश्वस्तांची बैठक. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणाचं आमचं काम ज्या देणग्यांवर चालतं, त्यांचा सहामाही आढावा यावेळी मला मांडायचा आहे. आज दिवसभर त्याच कागदांवर बसले होते. पहिला तक्ता नेहमीच्या पद्धतीचा केला: पावती क्रमांक, तारीख, रक्कम, शेवटी बेरीज. हिशेब चोख, सीएंना हवा तसा. पण तो हातात घेऊन विश्वस्तांनी ठरवायचं काय?

दुपारी मास्तरांना फोन करून थोडं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बेरीज ताळेबंदात दिसतीच की. गेल्या साली दिलेला माणूस ह्या साली आला काय, ते सांग."

मग कोण परत आलं, याचाच तक्ता आधी करायला घेतला. माहिती आमच्याकडेच पडून होती. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला करात वजावट मिळते) असलेल्या संस्थांना देणगीदारांचा तपशील, पॅनसारख्या ओळख क्रमांकासह, फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला द्यावा लागतो. ३१ मेच्या मुदतीआधी तो घाईघाईने भरायचा आणि फाईल कपाटात ठेवायची, एवढाच त्याचा उपयोग होत आलाय. त्या जुन्या याद्या आणि यंदाची पावती पुस्तकं शेजारी ठेवली की तीन गट पडतात: परत आलेले, नव्याने आलेले आणि न आलेले. नुसत्या नावांवरून हे जुळत नाही. आपल्याकडे एकाच गृहस्थाचं नाव एका पावतीवर मराठी वळणाने आणि दुसरीवर कन्नड वळणाने पडतं, आणि पाटील तर गावोगावी. पॅन मात्र बदलत नाही. ते क्रमांक बैठकीच्या कागदावर जाणार नाहीत, माझ्यापाशीच राहतील. दानपेटीत पडणारे पैसे कुणाचे ते कळत नाही, म्हणून ते खाली वेगळे दाखवलेत.

न आलेल्यांची यादी वाचताना जीव हळहळला. त्यात दरवर्षी आईच्या वर्षश्राद्धाला न चुकता देणारी माणसं आहेत. त्यांना आमच्याकडून कुणी फोन केला होता का, याची नोंदच कुठे नाही.

वर्षनिहाय आलेखात २०१९ चा खांब त्रास देतो. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्याच नद्या पात्राबाहेर आल्या आणि लोकांनी पूरग्रस्तांसाठी भरभरून दिलं. तो खांब इतका उंच आहे की त्यापुढचं प्रत्येक वर्ष पडतं वाटतं. तो काढून टाकणं मला पटत नाही. लोकांनी दिलेला पैसा आहे तो. म्हणून त्याचे दोन रंग केले, खाली नेहमीच्या देणग्या आणि वर पूरनिधी. आता खालचा रंग वर्षागणिक कसा सरकलाय ते नीट दिसतं. आणि खांब शून्यापासूनच सुरू केलेत. मधूनच सुरू केले तर किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो आणि बैठक भलत्याच काळजीत जाते.

सरासरी काढलीच नाही. समजा नऊ जणांनी हजार हजार दिले आणि एकाने एक्याण्णव हजार. सरासरी येते दहा हजार, आणि त्या दहांत दहा हजार देणारा कुणीच नसतो. त्याऐवजी सगळ्यांत मोठ्या देणगीदाराचा एकूण रकमेत वाटा किती, ते लिहिलं. हा आकडा बैठकीत अवघड जाईल, तरी तो पहिल्याच पानावर हवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्क्यांवर ठरतो. म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत आज काम कमी झालं तर त्याची झळ आमच्यापर्यंत उशिरा पोचते, आणि तोवर आपण निर्धास्त बसलेले असतो. कबूल झालेली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कमही वेगळ्या रकान्यांत घातल्या.

एप्रिल ते सप्टेंबरची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी. आमच्याकडे मार्चमध्ये करसवलतीसाठी बरंच येतं, त्यामुळे अर्धं वर्ष पूर्ण वर्षाशेजारी ठेवलं तर उगाच तूट दिसते. पण त्या मार्चवर तरी किती विसंबायचं? २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच आपोआप लागू होते आणि तीत ८०जीची वजावट मिळत नाही. पगारदार देणगीदारांवर याचा परिणाम होतोय का, हे मार्चचे आकडे वेगळे काढून बघायला हवं. रविवारी हा विषय मी काढणारच आहे.

अक्कांचं वाचन कन्नडमध्ये, म्हणून मथळे दोन्ही भाषांत घातले. अंक मात्र इंग्रजी ठेवले, ते सगळ्यांनाच सारखे वाचता येतात. प्रत्येक पानाच्या तळाशी बैठकीने ठरवायचा एकच प्रश्न लिहिलाय. पहिल्या पानावरचा असा: न आलेल्यांना दिवाळीआधी फोन कोण करणार? नावं भागांप्रमाणे वाटून ठेवलीत. शहापूर मास्तरांकडे, टिळकवाडी वकीलसाहेबांकडे, गोकाककडची अक्कांकडे. निपाणीच्या नावांपुढची जागा अजून रिकामी आहे. खजिनदारांचं सासर तिकडचं, उद्या सकाळी त्यांनाच विचारते.