थायलंडचा व्हिसा अन् बँकेचा गोल शिक्का

मागच्या पावसाळ्यात मी थायलंडच्या चियांग माई शहरात गेलो, काम लंडनच्या कंपनीचं, लॅपटॉपवर. गावाकडची पोरं विचारून राहिली की शहर कसं निवडलं. निवडायला दोन संध्याकाळी पुरल्या राजेहो, जीव काढला तो आमच्या बँकेनं.

आधी घड्याळ पाहा. उन्हाळ्यात लंडनला सकाळचे 9 म्हणजे आपले दुपारचे 1:30, थायलंडचे 3, मलेशियाचे 4. मला मलेशियातलं पेनांग आवडलं होतं, तमिळ लोकांची जुनी वस्ती, इडली-डोसा मिळते, पण हिवाळ्यात तिथं माझी ड्युटी रात्री 1 ला सुटली असती, म्हणून कट. लिस्बन अन् लंडनचं घड्याळ एकच, पण पोर्तुगालला 2025 मध्ये महिन्याची 3480 युरो कमाई दाखवा लागे, ती कुठून आणू. दा नांगला समुद्र आहे पण व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांचाच. थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना चालणारा व्हिसा, 5 वर्षांचा, एका एन्ट्रीवर 180 दिवस. अट एकच जड, खात्यात 5 लाख बाथ दाखवायचे, म्हणजे आपले 13 लाखांच्या वर.

पैसे होते, एफडी मोडून बचत खात्यात आणले. खातं मात्र गावापासून 9 किलोमीटरवरच्या शाखेत, शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेलं. नेटवरून काढलेलं स्टेटमेंट देऊ नको, सही-शिक्का घे, असं आधी जाऊन आलेल्या एकानं बजावलं होतं.

अन् मी गेलो कधी, तर जूनमध्ये. यवतमाळ जिल्ह्यात जूनमध्ये बँकेत जाणं म्हणजे काय ते इकडच्यालाच समजते. पीककर्जाचं नवं-जुनं करायला अख्खा तालुका लाईनीत, हातात सातबारा, बाहेर उभ्या ट्रॅक्टरात बियाण्याच्या थैल्या. पहिल्या दिवशी लिंक नव्हती. दुसऱ्यांदा मॅनेजर ट्रेनिंगला. तिसऱ्यांदा स्टेटमेंट निघालं तर खात्यावर नुसतं माझं नाव अन् आडनाव, पासपोर्टवर मधात बाबांचं नाव आहे. क्लार्क म्हणे, "भाऊ, तुम्ही तेच आहा हे आम्हाले माहीत आहे ना." मी म्हटलं, तुम्हाले माहीत आहे, एम्बसीले कोण सांगीन? मग अर्ज, आधार, पॅन, सगळ्याच्या झेरॉक्स, आणि "वरून अप्रूव्ह होऊन येते, पंधरा दिवस धरा." पंधराचे बावीस झाले. नाव आलं तर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. मी काउंटरवर हात आपटला, ते चुकलंच माझं, कारण त्यानंतर चार दिवस माझी फाईल कोणाला सापडतच नव्हती. तिथं आवाज चढवू नका, चहा सांगा.

शेवटच्या दिवशी सगळं जुळलं, सही झाली, अन् शिक्का मारला तो चौकोनी. मला शाखेचं नाव असलेला गोल पाहिजे होता. गोल शिक्का मॅडमच्या ड्रॉवरात, मॅडम लग्नाला. चाव्या शिपायाकडे निघाल्या, पण पॅड वाळून खडंग. त्या काकांनी बिसलेरीच्या झाकणानं पॅडवर पाणी टाकलं, अंगठ्यानं दाबलं, रद्दीवर तीन वेळा ठोकून पाहिलं, मग माझ्या कागदावर. अर्धा गोल उमटला. म्हणे, "आता वाचता येते ना?" येत होतं. मी बाहेर येऊन कागदावर फुंकर मारत उभा राहिलो, पाऊस सुरू झाला तरी गाडी काढली नाही.

पुढं अर्ज, फी, व्हिसा, विमान, काही विशेष नाही.

पासपोर्टवरचं नाव अन् बँकेतलं नाव आजच जुळवून पाहा, परदेशात जायचं असो नसो. चियांग माईत निम्मान भागात खोली पाहू नका, महाग, जवळच सांतीथाम आहे तिकडं पाहा. खोली घेताना मालकाला आधीच विचारायचं की टीएम 30 नावाचा फॉर्म भरशील का, परदेशी माणूस आला की 24 तासांत त्यानं ते कळवायचं असतं, अन् काही मालक टाळतात. वर्षाचं भाडं एकदम ठरवू नका, कारण फेब्रुवारी ते एप्रिल तिकडं शेतं-जंगलं जळतात, पऱ्हाट्या पेटवल्यावर येतो तसा धूर, पण हप्तेच्या हप्ते, समोरचा डोंगर दिसत नाही. मी तेव्हा गावी पळून आलो, अन् गावात ऊन. एका कॅलेंडर वर्षात तिथं 180 दिवस भरले की टॅक्सचं लफडं सुरू होते, तारखा लिहून ठेवा.

मायची एकच काळजी होती, "तिकडे काय खाशीन रे?" आमचं घर माळकरी. भाजी म्हणून मागितली तरी त्यात मच्छीचा सॉस असतो हे मला तिसऱ्या दिवशी समजलं, मायला अजून सांगितलं नाही. पिवळ्या झेंडीवर लाल थाई अक्षरात "เจ" (वाचायचं "जे", म्हणजे मांस-मच्छी नसलेलं) लिहिलेलं दुकान पाहा, तिथं बिनधास्त जेवा.

अन् शिक्का मारून घेताना दोन प्रतींवर घ्या. मी एकीवरच घेतला.