आमची वाटचाल : नावांची वही

सांगलीच्या गावभागात आमचा दोन खोल्यांचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. आतल्या खोलीत माइक आणि कॉम्प्युटर. बाहेरच्या खोलीत टेबल, फोन आणि एक जाड रजिस्टर. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, ग्रामपंचायतींच्या सूचना, घंटागाडीवरची निवेदनं, हळद-बेदाण्याच्या दुकानांच्या जाहिराती, पुण्यस्मरणाची निमंत्रणं, अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं, असं सगळं काम आमच्याकडं होतं. येणारी माणसं 'रेकॉर्डिंग' म्हणत नाहीत. "ताई, एवढं बोलून द्या," म्हणतात. मला तोच शब्द आवडतो.

हे बोलून देणं मी शिकले ते आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर, १२५१ किलोहर्ट्झवर. केंद्र १९६३ साली सुरू झालं. मिरज तालुक्यातल्या आमच्या गावात त्या केंद्रावर घड्याळ लावलं जायचं. वडील मळ्यात जाताना रेडिओ सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचे. मी नववीत असताना पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घेऊन फर्माईश पाठवली आणि आई, वडील, चार भावंडं, गाव, तालुका सगळं दाटीवाटीनं त्यावर बसवलं. तीन आठवड्यांनी ते कार्ड वाचलं गेलं. गाणं कुठलं लागलं ते मला आज आठवत नाही. वडिलांचं नाव आणि पाठोपाठ गावाचं नाव मात्र निवेदिकेच्या आवाजात अजून कानात आहे. त्या दिवशी वडिलांनी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारलं होतं, "ऐकलंसा का?"

विलिंग्डन कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झाले आणि १९८८ मध्ये नैमित्तिक उद्घोषकाच्या परीक्षेला बसले. आधी लेखी, मग आवाजाची चाचणी. काचेपलीकडं तीन माणसं बसलेली, अलीकडं मी आणि एक कागद. त्यावर बातमीचा एक तुकडा, एक संस्कृत श्लोक आणि गायक-वादकांची नावं होती. निवड झाली. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळायच्या. एवढ्यात घर चालत नाही, म्हणून सकाळी शिकवण्या घ्यायचे. पण त्या सहा दिवसांची वाट मी उरलेले चोवीस दिवस बघायचे.

पहाटेची ड्युटी सगळ्यांत आवडती. इमारतीत शांतता, कन्सोलवर पिवळा दिवा, क्यू शीटवर रांगेत लिहिलेले कार्यक्रम. आधी आकाशवाणीची ती ओळखीची संकेतधून. ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. प्रागहून मुंबईला आश्रयाला आलेला हा संगीतकार १९३७ पासून मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख होता. आपलं घर सुटलेल्या माणसाची धून आपल्या लाखो घरांत रोज पहाटे वाजत राहिली, हे कळल्यापासून मी ती कधीही बोलत बोलत ऐकलेली नाही. मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी. सनईचा शेवटचा सूर विरत असताना उजव्या हातानं फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, हळू वर न्यायचा, एक श्वास पोटात घ्यायचा आणि म्हणायचं, "हे आकाशवाणीचं सांगली केंद्र आहे."

तेव्हा ध्वनिमुद्रण स्पूल टेपवर असायचं. टेप सेकंदाला एकोणीस सेंटीमीटर पळायची, म्हणजे एक सेकंद बोटांनी मोजता यायचा. चूक काढायची तर दोन्ही चकत्या हातानं पुढं-मागं फिरवून नेमका शब्द टेप वाचणाऱ्या हेडवर आणायचा, पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप घ्यायचा आणि पांढऱ्या चिकटपट्टीनं तुकडे जोडायचे. काप सरळ घेतला तर सांध्यावर 'टक्' ऐकू यायचं. एकदा मी एका शेतकऱ्याच्या मुलाखतीतले सगळे श्वास कापून टाकले. मला ते फार स्वच्छ काम वाटलं होतं. आमच्या ज्येष्ठ निवेदकांनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "हा माणूस आता धापा टाकत बोलतोय असं वाटतं. त्याचा श्वास त्याला परत दे." टाकलेले तुकडे मी जमिनीवरून वेचून परत जोडले.

नावांची शिकवणही त्यांचीच. फर्माईशीची पत्रं हातात आली की ड्युटीआधी अर्धा तास बसून प्रत्येक नाव वाचायचं, शंका असेल तर त्या भागातल्या कुणाला तरी विचारायचं. "नाव आधी आपल्या तोंडात घोळव, मग माइकला दे," असं ते म्हणत. ज्याचं नाव चुकलं तो माणूस वर्षभर रेडिओकडं संशयानं बघतो. मी माझ्या वडिलांना पाहिलेलं होतं, त्यामुळं मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

व्यवसाय ठरवून सुरू झाला नाही. २००३ मध्ये भावे नाट्यमंदिरातल्या एका प्रयोगाची जाहिरात रिक्षावर फिरवायची होती आणि संस्थेच्या लोकांना 'रेडिओवरच्या ताईंचा' आवाज हवा होता. एका ओळखीच्या दादांकडं डबल कॅसेट डेक होता. पंचेचाळीस सेकंदांचं निवेदन मी एकदा बोलले आणि त्यांनी ते साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला चाळीस वेळा उतरवलं, मग दुसऱ्या बाजूला चाळीस वेळा. आमची पहिली कमाई दीडशे रुपये. पुढच्या वर्षी गावभागातली ही खोली भाड्यानं घेतली. भिंतींना आधी गाद्या लावल्या, मग पैसे येतील तसा फोम. दादा आजही माझे भागीदार आहेत. मशिन त्यांचं, बोलणं माझं.

पुढं कोल्हापुरात खासगी एफएम आलं आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली, "तसं झटपट बोला." काही वर्षं मी तसं बोलून बघितलं. त्या मुलामुलींचा उत्साह मला मनापासून आवडतो, पण रिक्षा गल्लीतून जाते तेव्हा ओट्यावरच्या माणसाला ती जेमतेम अर्धा मिनिट ऐकू येते. त्यात स्थळ, दिवस, वेळ पोचायला हवी. आम्ही आमच्या वेगावर परत आलो.

२००९ सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. एका गावातून प्रथम पुण्यस्मरणाच्या कीर्तनाचं निवेदन आलं. कागदावर गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव होतं आणि पुढं कंसात 'तात्या'. मला ते घरगुती वाटलं. मी ते गाळलं आणि नावाआधी 'कैलासवासी' लावून भारदस्त आवाजात वाचलं. रिक्षा दोन दिवस फिरली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी स्वतः एसटीनं आल्या. चिडल्या नव्हत्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, गोड बोललासा. पण तात्या म्हटलंच न्हाई. मग कीर्तन कुणाचं, ते गावाला कसं कळायचं?"

वीस वर्षं माइकसमोर काढून मला हे सुचलं नव्हतं. निवेदन नव्यानं केलं, पैसे परत दिले आणि त्याच दिवशी रजिस्टर आणलं. त्यात दोन रकाने आखले : कागदावर काय, आणि लोक काय म्हणतात. तेव्हापासून नाव असलेलं कुठलंही काम आलं की आधी फोन लावून विचारायचं, "गावात काय म्हणतात?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. २००५ ला आमच्या पायरीपर्यंत पाणी आलं नव्हतं, म्हणून सगळी गल्ली त्याच खुणेवर विसंबून राहिली. या वेळी आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली. स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. कॉम्प्युटर आदल्या रात्री वर हलवला होता, पण खालच्या कपाटातल्या कॅसेटा आणि ते रजिस्टर राहिलं. चिखलातून काढलं तेव्हा दहा वर्षांची नावं निळ्या डागांत मिसळून गेली होती. दादांनी पानं वेगळी करून पंख्याखाली वाळवली. वाचता आली ती नावं नव्या रजिस्टरात उतरवली, बाकीची पुन्हा फोन करून गोळा केली. काही फोन उचलले गेले नाहीत.

त्याच पुराआधी आम्ही स्थलांतराची एक सूचना बोलून दिली होती. मजकूर आला होता, 'नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे.' आम्ही तो तसाच वाचला. आता विचार करते, सखल भागातला नागरिक म्हणून स्वतःला कोण ओळखतं? म्हणून २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वाढू लागलं तेव्हा आम्ही मजकूर बदलून मागितला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, अशी एकेक नावं घेतली. पाणी आत्ता किती फूट आहे, कुठल्या शाळेत जायचं आणि जनावरं कुठं न्यायची, तेही सांगितलं. आवाज न चढवता, दर वाक्यानंतर दोन सेकंद थांबून. पुराच्या निवेदनांचे पैसे आम्ही घेत नाही.

रेडिओच्या ड्युट्या मी २०१६ मध्ये थांबवल्या. शेवटची पहाटेचीच मागून घेतली होती.

आता यंत्रानं बनवलेले आवाज आले आहेत. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं चाऱ्याच्या विक्रीची जाहिरात तशी करून आणली. आवाज गोड होता, पण त्यातल्या 'चारा'चा च हा 'चार'मधला च होता. रानात हे ऐकणारा शेतकरी पहिल्या शब्दालाच ओळखतो की हे आपल्यातलं कुणी बोलत नाही. आम्ही ते पुन्हा बोलून दिलं. माझ्या आवाजाची नक्कल यंत्रात भरून देण्याबद्दलही एकदा विचारणा झाली, पैसे बरे होते. मी नाही म्हटलं. या गावानं माझ्या आवाजावर पाण्याच्या वेळी घरं सोडली आहेत. मी न बोललेलं एखादं निवेदन पावसाळ्यात त्याच आवाजात फिरलं तर काय होईल, या विचारानं मला झोप लागली नसती.

दोन वर्षांपासून आमच्याकडं जत तालुक्यातली एक मुलगी काम करते. उमदी, संख, तिकोंडी, बिळूर या भागातली कानडी वळणाची नावं तिच्या तोंडात आपसूक बसतात. मला ती शिकावी लागली होती. अंध विद्यार्थ्यांची पुस्तकं आता बहुतेक तीच वाचते. परवा तिकडच्याच एका गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं काम आलं. पाहुण्यांची आणि जुन्या शिक्षकांची मिळून एकतीस नावं. दुपारभर ती फोनवर होती. मी आतून ऐकत होते, प्रत्येकाला तोच प्रश्न : "गुरुजींना गावात काय म्हणायचे?" संध्याकाळी रजिस्टरचा दुसरा रकाना भरलेला होता, एक ओळ सोडून. त्या गुरुजींचे चुलतभाऊ रात्री रानातून आल्यावर फोन करणार आहेत. तोवर रेकॉर्डिंग थांबवलंय. रिक्षा उद्या सातला निघायची आहे.