तुम्ही विचारलंत म्हणून : मी लोकांचे उच्चार का सुधारत नाही?

निवृत्तीनंतरही एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही : ‘सर, तुम्ही आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलेत, मग समोरचा माणूस ‘पानी’ म्हणतो तेव्हा तुम्ही गप्प कसे राहता?’

मी वर्गात शुद्ध बोलणे शिकवत नव्हतो. ऐकणे शिकवत होतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘प’ आणि ‘फ’ म्हणायला लावले की, ओठ मिटून निघायला हवा तो ‘फ’ अनेकांच्या तोंडून दात ओठावर टेकवून निघतो, हे त्यांचे त्यांनाच कळत असे. ‘पानी’ला हसणारी हीच मंडळी ‘षट्कोना’तला ‘ष’ बिनदिक्कत ‘श’सारखा उच्चारतात (मीही तसाच उच्चारतो), आणि त्याबद्दल कोणी कोणाला हटकत नाही. उलट, ‘हे जग’ म्हणताना टाळूकडे जाणारी जीभ ‘शंभर वर्षे जग’ म्हणताना दातांमागे टेकते, हा भेद लिपी दाखवत नाही आणि शाळाही सहसा शिकवत नाही, तरी मराठी माणूस त्यात चुकत नाही.

घोष महाप्राणांचा, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनासह आणि जास्तीच्या श्वासासह निघणाऱ्या ‘घ’, ‘ध’, ‘भ’ अशा ध्वनींचा, धडा माझा विशेष आवडता. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली ११ भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शध्वनींची (ओठ किंवा जीभ टेकवून हवा क्षणभर अडवून सोडलेल्या ‘प’, ‘त’, ‘क’सारख्या ध्वनींची) मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होण्याचा क्षण यांतील अंतर हे त्यांचे माप. बहुतेक ठिकाणी ते पुरेसे ठरले. पण हिंदी-मराठीतील ‘ब’ आणि ‘भ’ त्याने वेगळे होईनात, कारण दोन्हींत कंपन आधीच सुरू झालेले असते आणि खरा फरक स्पर्श सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित घोषात असतो. शाळेचे तोंडही न पाहिलेले मूल हा फरक सहज करते.

‘पानी’ म्हणणारा किंवा वऱ्हाडात ‘डोळ्या’ला ‘डोया’ म्हणणारा माणूसही असाच आपल्या बोलीचा नियम पाळत असतो. त्याच्यावरचा आक्षेप बहुतेक वेळा ध्वनीवर नसून त्याच्या गावावर आणि जातीवर असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. निवेदक किंवा नट होऊ पाहणाऱ्याकडून मात्र मी ‘ण’ आणि ‘ळ’ घोटून घेतो, कारण प्रमाण उच्चार ही त्याच्या व्यवसायाची गरज आहे. आणि ग्रामीण भूमिका करणाऱ्या शहरी नटाकडून ‘न’ही तितक्याच कसोशीने घोटून घेतो.