आधी तलाव, मग समुद्र : स्कूबा प्रमाणपत्राच्या पहिल्या टप्प्याचा माझा अनुभव

मालवणला जाऊन, प्रशिक्षकाने मागून धरून ठेवलेले असताना थोडा वेळ पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ पाहून येणे, हा अनुभव आता महाराष्ट्रात पुष्कळांनी घेतलेला आहे. मीही तो घेतला होता आणि तो मनापासून आवडला होता. परंतु त्या वेळी किती खोल जायचे, हवा किती उरली आहे, वर कधी यायचे, यांपैकी कशाचाही निर्णय माझ्या हातात नव्हता. पाण्याखाली स्वतःच्या जबाबदारीवर वावरता यावे, एवढ्यासाठी मी ‘ओपन वॉटर डायव्हर’ या प्राथमिक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचे ठरवले. वर्गातील अभ्यास, जलतरण तलावातील सराव आणि शेवटी समुद्रातील चार डाइव्ह, असे त्याचे तीन भाग असतात. त्यांपैकी पहिले दोन मी पुण्यात पूर्ण केले. या विषयावरच्या गप्पा बहुधा समुद्रापासूनच सुरू होतात. मात्र खरे शिकणे त्याआधी, तलावाच्या तळाशी बसून होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवात वैद्यकीय प्रश्नावलीने झाली. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, फिट येणे अशा प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर ‘हो’ आले, तर डॉक्टरांची लेखी संमती मिळेपर्यंत पाण्यात उतरू देत नाहीत. हा अर्ज घाईघाईने भरू नये. त्यातला प्रत्येक प्रश्न का विचारला आहे, हे पुढे वर्गात दाबाचा धडा सुरू झाल्यावर आपोआप उमगते.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो आणि समुद्रात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट. बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. शाळेत हे गणितापुरते शिकले होते. इथे ते कान आणि फुप्फुसे यांच्याशी जोडले गेले. कानाच्या पोकळीतली हवा आकसते, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत कान ‘मोकळे’ करावे लागतात, तेही दुखायला लागण्यापूर्वी आणि अगदी पहिल्या मीटरपासून. सर्दी असलेल्या एका सहाध्यायीला सरांनी त्या दिवशी पाण्यात उतरूच दिले नाही, ते याच कारणाने.

स्कूबाचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. मला हा नियम पचवायला वेळ लागला, कारण मी पोहायला शिकले ती गावाकडच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. आणि डबा सुटल्यावर आमची सगळी चढाओढ बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो याचीच असे. मग तिथे श्वास रोखणे चालत होते आणि इथे ते जिवावर बेतू शकते, असे का? सरांनी याचे उत्तर तोंडी दिलेच नाही. तलावाच्या साडेतीन मीटर खोल भागात त्यांनी पाण्याची रिकामी बाटली उलटी धरली, रेग्युलेटरच्या, म्हणजे तोंडात धरायच्या श्वसन-उपकरणाच्या, बुडबुड्यांनी ती काठोकाठ भरली आणि तशीच उलटी धरून सावकाश वर आणली. वर येताना बाटलीच्या तोंडातून हवा सतत बाहेर पडत होती आणि पृष्ठभागाशी पोचल्यावरही बाटली हवेने भरलेलीच होती. त्या बाटलीला बूच लावलेले असते तर, एवढेच त्यांनी नंतर विचारले. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास वरच घेतलेला असतो. खाली तो आकसतो आणि वर आल्यावर पूर्वीएवढाच होतो. स्कूबात मात्र श्वास खोलवर, तिथल्या दाबाने घेतलेला असतो, त्यामुळे तो रोखून वर आल्यास फुप्फुसांत फुगत जातो आणि ती फाटू शकतात. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना ही इजा होण्यासाठी एक-सव्वा मीटर वर येणेही पुरेसे असते. म्हणूनच पोहण्याचा तलाव उथळ आहे म्हणून या नियमात सूट मिळत नाही.

साहित्याची ओळख त्यानंतर झाली. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. प्रत्यक्षात त्यात गाळून दाबाखाली भरलेली साधी हवाच असते, साधारण 200 बार, म्हणजे वातावरणाच्या जवळपास 200 पट दाबाने. रेग्युलेटर हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतो आणि आपण ओढू तेव्हाच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा तोंडात देतो. नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यँ यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये जुळवलेल्या उपकरणाचे तत्त्व हेच होते. हे सगळे आपल्या हाताने जोडायचे, तपासायचे आणि मग जोडीदाराचेही तपासायचे. पाण्यात या जोडीदाराला सगळे ‘बडी’ म्हणतात. माझी बडी वयाने माझ्यापेक्षा बरीच मोठी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्या दरवेळी माझा प्रत्येक पट्टा ओढून पाहत, गेजवरचा आकडा मोठ्याने वाचत आणि मगच ‘चला’ म्हणत. त्यांच्या शिस्तीचा मला फार आधार वाटला.

तलावातल्या कौशल्यांपैकी मास्कमधले पाणी काढणे मला सर्वांत अवघड गेले, आणि बहुतेकांना तेच जाते. मास्क भरला की नाकपुड्यांना पाणी लागते आणि तोंडात रेग्युलेटर असूनही शरीर श्वास थांबवते. ती इच्छेबाहेरची प्रतिक्रिया असते. सरांनी आधी छातीभर पाण्यात उभे करून, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवून नुसते तोंडाने श्वास घ्यायला लावले. नाकाला पाणी लागत असतानाही छाती शांतपणे वरखाली होऊ शकते, हे शरीराला पटल्यावरच त्यांनी खाली नेले. तळाशी गुडघ्यांवर बसून मान किंचित वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची आणि नाकाने संथ, लांब उच्छ्वास सोडायचा. हवा वर साठत जाते आणि पाणी खालच्या कडेने निघून जाते. डोळ्यांसमोरची पाण्याची रेषा भुवयांपासून हनुवटीकडे उतरताना प्रथम दिसली, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. पुढे मास्क पूर्ण काढून मिनिटभर श्वास घेणे आणि तो पुन्हा लावणे हेही जमले.

तोंडातून निसटलेला रेग्युलेटर हात मागून फिरवून शोधणे, हवा संपल्याची खूण करून बडीचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, घेणे, ‘आऽऽ’ असा आवाज सलग काढत एका श्वासात 9 मीटर पोहणे, हे सगळे त्यामानाने लवकर बसले. खुणांत एक गोष्ट हाताला नव्याने शिकवावी लागते: अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. याशिवाय 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगणे अशी चाचणीही होती. तिला वेळेची मर्यादा नसल्याने बेताचे पोहता येणाऱ्यानेही तिची धास्ती घेऊ नये.

तरंगून स्थिर राहण्याचा सराव मात्र कितीही केला तरी थोडाच. श्वास घेतला की शरीर लगेच वर जात नाही, क्षणभर उशिरा जाते. सोडला की तसेच उशिरा खाली येते. हा विलंब ध्यानात न घेता माणूस बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात, हवा भरत आणि सोडत राहतो. तळापासून वीतभर अंतरावर, हातपाय न हलवता, केवळ श्वासावर स्थिर राहता आले पाहिजे, हा सरांचा आग्रह मला अगदी योग्य वाटतो. मालवणच्या खडकांवरच्या प्रवाळाला मोडायला पायांतल्या फिन्सचा एक फटकाही पुरेसा असतो, आणि ज्याला आपला तोल सांभाळता येत नाही त्याने त्याच्या जवळ जाऊ नये.

वर्गाचा शेवटचा भाग नायट्रोजनचा होता. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो आणि घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून शरीराला इजा करतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1908 मध्ये मांडलेल्या तक्त्यांपासून आजच्या मनगटावरच्या संगणकापर्यंत सगळा खटाटोप यासाठीच आहे. पाडी या स्कूबा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 18 मीटरला, म्हणजे या प्रमाणपत्राच्या कमाल खोलीला, पहिल्या डाइव्हसाठी 56 मिनिटांची मर्यादा आहे. दुसऱ्या डाइव्हला ती कमी होते, कारण पहिल्याचा नायट्रोजन शरीरात शिल्लक असतो. वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सवय लावली जाते. लेखी परीक्षेत 75 टक्के गुण लागतात आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न सर पुन्हा समजावून सांगतात.

याच धड्यातून आम्हा घाटावरच्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघाली. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने उरलेला नायट्रोजन तिथेही बुडबुडे करू शकतो, म्हणून एकापेक्षा अधिक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास करू नये, हे पुस्तकात होते. पण बाईंनी विचारले, की मालवणहून संध्याकाळी गाडीने आंबोली चढून आलो तर? आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास 700 मीटर उंचीवर आहे आणि विमानप्रवासाच्या सूचना साधारण 600 मीटरच्या पुढच्या उंचीला लागू धरल्या जातात. तेव्हा घाट चढणेही त्यात आलेच. त्यामुळे पावसाळा सरून समुद्र निवळला की आम्ही मालवणला जाणार आहोत, ते शेवटच्या डाइव्हनंतरची रात्र तिथेच मुक्काम करण्याच्या बेताने, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचीच ठरवली आहे.