खोली पाहिल्याशिवाय एसी नाही : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात पत्र्याच्या कूलरपासून झाली. होळी आटोपली की वडील अंगणात पत्रा कापायला बसत, आई आणि आम्ही दोघे भाऊ ताट्यांच्या चौकटीत वाळा भरत असू, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसे. नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख आम्हाला अशी हातांनी झाली. आज एसीची निवड करताना आम्ही जो विचार करतो, त्याचे मूळ त्या ताट्यांमध्येच आहे असे मी मानतो.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितका त्याचा गारवा अधिक. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असतो तेव्हा आमच्याकडच्या हवेत ओलावा फारच कमी असतो, आणि ताट्या नव्या असल्या व पाणी सगळीकडे सारखे झिरपत असले, तर कूलरमधून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा भरू लागतो. म्हणून दुकानात आलेल्या ग्राहकाला माझा पहिला प्रश्न असतो, की आपल्याला त्रास मे महिन्यात होतो की ऑगस्टमध्ये? ज्यांच्या हॉलला दोन बाजूंनी खिडक्या आहेत आणि ज्यांना दीड-दोन महिनेच गारवा हवा आहे, त्यांना आम्ही आजही कूलर सुचवतो. त्यात आमची विक्री बुडते खरी, पण उघड्या हॉलमध्ये एसी चालवून कोणाचेही भले होत नाही.

आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी २००५ मध्ये दुकान सुरू केले; धाकटा भाऊ दोन वर्षांनी आला. त्या काळी एसीची निवड म्हणजे क्षेत्रफळ विचारायचे आणि टन, म्हणजे एसीची गार करण्याची क्षमता, सांगायचे, एवढेच होते, आणि शंका असेल तिथे मोठा टन द्यायचा हा बाजारातला शिरस्ता होता. आम्हीही तेच केले. एका डॉक्टरांच्या तळमजल्यावरील दहा बाय दहाच्या तपासणी खोलीत आम्ही दोन टनांचा एसी बसवला. मे महिन्यात त्यांनी आमचे कौतुक केले. जुलैमध्ये त्यांचा फोन आला, की खोली गार आहे, पण अंग चिकचिकते आणि टेबलावरचे कागद दमट होतात. मी जाऊन तासभर तिथे बसलो. एसी सुरू होई, चार-पाच मिनिटांत खोली गार करी आणि कॉम्प्रेसर बंद पडे. एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, जमलेले पाणी नळीतून वाहून जाण्याआधीच पंख्याच्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येई. एसीला हवेतला ओलावा काढायला वेळ लागतो आणि गरजेपेक्षा मोठे यंत्र तो वेळच देत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते; त्या खोलीत ते अंगाला जाणवले. तो एसी आम्ही परत घेतला आणि एक टनाचा बसवून दिला. फरक आमच्या खिशातून गेला.

दुसरी चूक याच्या उलट झाली. वीस बाय पंधरा फुटांच्या एका शिकवणी वर्गात आम्ही क्षेत्रफळ पाहून एसी दिला आणि बसणारी मुले मोजलीच नाहीत. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता; चोवीस तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्यावरून हे माप आले. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. वर्गात चाळीस मुले बसत होती, म्हणजे चार किलोवॉट. भिंती आणि छत बाजूलाच राहिले, केवळ मुलांसाठीच एक टनाहून अधिक क्षमता लागत होती. शिवाय साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे दुसऱ्या तासाला मुले पेंगू लागत. तिथे आम्हाला दुसरा एसी वाढवावा लागला आणि ताज्या हवेसाठी पंखाही बसवावा लागला. या दोन कामांनंतर आम्ही ठरवले की खोली पाहिल्याशिवाय एसी विकायचा नाही, आणि तो नियम आजवर पाळला आहे.

पाहणीला आम्ही शक्यतो संध्याकाळनंतर जातो. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर स्टुलावर उभे राहून स्लॅबला तळहात लावतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ वाजताही तव्यासारखा ऊब सोडत असतो, आणि ही उष्णता क्षेत्रफळाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. पश्चिमेची भिंत, पडदे नसलेली काच, शेजारच्या खोलीतले स्वयंपाकघर, दिवसातून किती वेळा दार उघडते, हे सगळे वहीत उतरवतो. पुष्कळ ग्राहक सांगतात, की मुंबईच्या भावाकडे एवढ्याच खोलीला एक टन पुरतो. तो पुरत असेलही, पण एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात, आणि बाहेरचे युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये इतर चार युनिटांच्या गरम हवेत बसवले, तर ती क्षमता आणखी घटते. म्हणून खोलीइतकीच आम्ही बाहेरच्या युनिटची जागा तपासतो.

एसीच्या लेबलवरील वीजबचतीच्या ताऱ्यांविषयी विचारणा फार होते. लेबलवर विजेचा जो वार्षिक खप छापलेला असतो, तो १६०० तासांच्या वापराचा असतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मार्च ते ऑक्टोबर रोज दहा तास चालणाऱ्या दुकानाचे तास २४०० च्या घरात जातात. तिथे पाच तारे असलेल्या इन्व्हर्टर एसीची, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एसीची, वाढीव किंमत वसूल होते. वर्षातून वीस रात्री वापरायच्या पाहुण्यांच्या खोलीला तीन तारे भरपूर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वाचलेल्या पैशात अर्धा टन वाढवून द्या, असे अनेकांनी सांगितले. आम्ही त्यांना तो पैसा स्वतंत्र वायरिंग आणि चांगल्या अर्थिंगवर खर्च करण्याचा आग्रह धरला.

फिटिंगबाबत आम्ही अधिक काटेकोर आहोत. पूर्वी पाइपमधली हवा थोडा गॅस सोडून काढण्याची पद्धत होती, आणि पहिली काही वर्षे आम्हीही तसेच करत होतो. पाइपमध्ये राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाला खराब करतो, हे एक कॉम्प्रेसर जळाल्यावर पटले, आणि त्याच हंगामात आम्ही पाइपमधली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप घेतला. आता प्रत्येक जोडणीवर साबणाचा फेस लावून गळती तपासतो, व्हॅक्यूम ओढतो, काटा स्थिर राहतो की नाही ते थांबून पाहतो, आणि मगच गॅस सोडतो. दरवर्षी गॅस भरावा लागतो हा समज आम्ही प्रत्येक घरी खोडून काढतो. जोडण्या पक्क्या असतील तर गॅस कुठेच जात नाही, आणि कमी झाला असेल तर आधी गळती शोधायची असते.

ज्या डॉक्टरांचा एसी आम्ही बदलून दिला, त्यांनी गेल्या उन्हाळ्यात घरच्या बेडरूमसाठी बोलावले. घर वरच्या मजल्यावर आहे, आणि या वेळी दोन टनांचा एसी द्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले. भाऊ रात्री जाऊन स्लॅबला हात लावून आला, आणि आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावून घ्या, मग टन ठरवू, असे त्याने सुचवले. आठ दिवसांनी रंग वाळल्यावर तो पुन्हा त्याच वेळी गेला, त्याच जागी तळहात टेकवला, आणि वहीत दोन टनांवर काट मारून दीड लिहिले.