आमची वाटचाल : एका ब्रॅकेटला किती हात लागतात

आम्ही शेतीपंपाचे स्टार्टर आणि ऑटो स्विचचे पॅनल बनवतो. रात्री दोन वाजता लाईट आली की मोटर आपोआप चालू होते ना, ते. गिऱ्हाईक म्हणजे निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे डीलर. 2014 ला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा छोटा गाळा घेऊन सुरुवात केली, मी, बायको (हिशोब आणि वायरिंग दोन्ही तीच बघते) आणि बाबा, जे सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झाले होते. लोक विचारतात धंद्यात जास्त त्रास कशाचा झाला, त्यांना वाटतं मी उधारी म्हणेन. उधारी आहेच, ती कुणाला चुकलीये. पण मला खरं रडवलं ते तळहातात मावणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यांनी.

एका पॅनलमध्ये असले पाच-सहा तुकडे लागतात. कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ब्रॅकेट, कॅपॅसिटरचा पट्टा, ट्रान्सफॉर्मरची क्लिप, ग्लँड प्लेट (जिच्यातून केबल आत येते) वगैरे. बाकी सगळं दुकानात मिळतं, हे मिळत नाही, आणि लागतात किती तर महिन्याला प्रत्येकी 300. हा 300 आकडाच वाईट. हाताने करायला जास्त, आणि प्रेसवर करायला अगदीच कमी.

पहिलं वर्ष हातानेच काढलं. दाजींचं सिन्नरला फॅब्रिकेशन आहे, ते पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनवर पट्ट्या कापून द्यायचे, आम्ही गाळ्यात मार्किंग करून ड्रिल मारायचो, व्हाईसमध्ये धरून हातोडीने वाकवायचो आणि मग कानस घेऊन बर (कडेला राहिलेली धार) काढत बसायचो. दोन ब्रॅकेट एकसारखे निघतील तर शपथ. त्यात 2015 चा कुंभमेळा, पर्वणीच्या दिवसांत गाड्या सोडत नव्हते, झिंक प्लेटिंगला (गंजू नये म्हणून जस्ताचा थर द्यायला) गेलेला माल तिकडे आणि आम्ही इकडे.

मग वाटलं आता रीतसर डाय (प्रेसवर पत्रा कापायचा-वाकवायचा साचा) करून घेऊ. प्रेसवाल्या काकांकडे गेलो, 300 नग म्हटल्यावर ते हसलेच. म्हणाले अरे बाबा, 300 मध्ये माझं सेटिंग पण सुटत नाही. तेव्हा राग आला होता पण त्यांचं बरोबर होतं. डाय प्रेसवर बांधायची, शट हाईट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) जुळवायची, दोन-चार ट्रायल मारायच्या, यात तास-दीड तास जातो आणि 300 नग मारायला पाव तासाच्या वर लागत नाही. म्हणजे पैसे त्या तास-दीड तासाचे. तरी हट्टाने ब्लँकिंग (आकार कापणं), पिअर्सिंग (होलं पाडणं), बेंडिंग (वाकवणं) अशी तीन टूल बनवून घेतली, 52 हजार गेले. आठ महिन्यांनी तो कॉन्टॅक्टरचा मॉडेलच बंद झाला आणि नव्या मॉडेलची होलं भलत्याच अंतरावर. 52 हजार बोंबलले. बाबांनी त्यातले गाईड पिलर आणि बुश (डाय सरळ चालवणाऱ्या दांड्या आणि त्यांची नळकांडी) तेवढे काढून फडक्यात गुंडाळून ठेवले, बाकी भंगारात. मी म्हटलं ते तरी कशाला ठेवता, काही बोलले नाहीत.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली असती तर बरं झालं असतं. आमचं काम ते 50 टनी प्रेसवर लावायचे आणि रेट पण 50 टनीचाच. आमचा ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) 75 बाय 40 मिमी, म्हणजे कापायची कड 230 मिमी, पत्रा 1.6, आणि माईल्ड स्टीलची शिअर स्ट्रेंथ (कापायला लागणारा जोर) साधारण 35 किलो प्रति चौरस मिमी धरली तर गुणाकार 12,880 किलो, तेरा टनाच्या आतच. वर थोडी मार्जिन ठेवली तरी 20 टनी प्रेस पुरत होता. गुणाकार पाचवीचा आहे पण केला कोणी?

मग आलो लेसर कटिंगवर. डायची भानगड नाही, ड्रॉइंग बदललं की फाईल बदलायची, आपल्यासारख्या कमी नगवाल्यांना वरदान. असं वाटलं. पहिल्या लॉटचे निम्मे पीस बेडच्या पट्ट्यांमधून खाली पडले आणि काही उभे राहून हेडला अडले. मग ऑपरेटरने मायक्रो जॉइंट ठेवून कापले, म्हणजे पीस पत्र्याला बारीकशा तुकड्याने चिकटलेलाच राहतो, नंतर हाताने तोडायचा आणि तिथला खुंट कानशीने घासायचा. कानस काही सुटेना आमची. वर बेंडिंगला दर स्ट्रोकचा वेगळा रेट. आणि बेंडजवळचं होल अंड्यासारखं व्हायला लागलं, ती चूक माझीच, होलची कड बेंडपासून जेमतेम 2 मिमीवर ठेवली होती. निदान पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट अधिक बेंडची आतली त्रिज्या एवढं अंतर पाहिजे, म्हणजे 1.6 ला पाचेक मिमी. हे मला बेंडिंगवरच्या पोराने सांगितलं, आयटीआय झालेला, मी डिप्लोमावाला.

सगळं धरून तो ब्रॅकेट 19 रुपयांना पडत होता. एक दिवस बाबा गाळ्याच्या शटरवर खडूने गणित मांडत बसले. 2500 बाय 1250 चा 1.6 चा पत्रा, वजन 39.25 किलो. 75 बाय 40 चा पीस, मध्ये 5 मिमीची जागा सोडून आडवे 31 आणि उभे 27, म्हणजे 837 पीस बसतात. एका पिसाला साधारण 47 ग्रॅम पत्रा जातो, वाया जाणारा धरून. 70 रुपये किलो धरा, सव्वातीन रुपये. मग बाबांनी विचारलं, बाकीचे पावणेसोळा कुठे जातात रे?

मी तोपर्यंत पत्र्याचा भाव कमी करायला किती फोन केले असतील, किलोमागे दोन रुपयांसाठी भांडलोय. ते दोन रुपये सुटले तरी पिसामागे दहा पैसे सुटले असते, बस.

बाबांनी मग खाली रेघा मारल्या, पीस कोणी कोणी किती वेळा उचलला त्याच्या. बेडवरून काढला एक. जॉइंट तोडला दोन. घासला तीन. पहिला बेंड, दुसरा बेंड, टॅपिंग (होलात आटे पाडणं), मोजून प्लेटिंगला, परत आल्यावर मोजला, निवडला... 11 रेघा. पैसे पत्र्याला लागत नव्हते, हातांना लागत होते. तेव्हापासून आमच्याकडे नवीन पार्टचं ड्रॉइंग झालं की आधी रेघा मोजतो, मग रेट विचारतो.

पहिली रेघ पुसली ती प्लेटिंगची. आमचे चपटे पीस प्लेटिंगच्या फिरत्या बॅरलमध्ये पोळ्यांसारखे एकमेकांना चिकटायचे आणि मध्ये झिंक चढायचंच नाही, शिवाय मिनिमम लॉटचा चार्ज वेगळा. सीआरसीए (साधा कोल्ड रोल्ड पत्रा) सोडून सरळ जीपी (गॅल्व्हनाइज्ड) पत्रा घेतला, ज्याला आधीच झिंक असतं. कापलेली कड उघडी राहते खरी, पण आजूबाजूचं झिंक तिला बऱ्यापैकी सांभाळतं. मात्र दिंडोरीच्या एका डीलरकडून तक्रार आली, कड लाल पडली म्हणून, जाऊन बघतो तर शेतकऱ्याने पॅनलखाली बोर्डो (द्राक्षांवर फवारायचं बुरशीनाशक) साठीच्या मोरचुदाची पोती रचलेली आणि शेजारी गंधकाची. द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये दुसरं काय असणार म्हणा! आता बाहेर दिसणारे पार्ट पावडर कोटिंगचे, आतले जीपीचे.

नंतर डिझाइन. पाच वेगवेगळे ब्रॅकेट होते त्यांचे दोन केले, गोल होलाच्या जागी लांबट स्लॉट दिले, त्यामुळे कॉन्टॅक्टर बदलला तरी ब्रॅकेट तोच आणि 300 चे झाले 700-800. वायर धरायची क्लिप 1.2 मिमी पत्र्यात केली आणि बेंडच्या रेषेवर लेसरनेच तुटक चिरा पाडल्या, पॅनल जोडताना बायको ती अंगठ्याने वाकवते, बेंडिंग चार्ज शून्य. हे वजन पेलणाऱ्या पार्टला करू नका हं, आम्ही ट्रान्सफॉर्मरला करून बघितलं आणि टेम्पोच्या हादऱ्याने चिरेवरच तुटलं.

लेसरवाल्यालाही सांगून टाकलं, मला घाई नाही, फाईल तुझ्याकडे ठेव, दुसऱ्याचा 1.6 चा जीपी लागला की उरलेल्या कोपऱ्यात माझे पीस टाक, आठ-दहा दिवसांत दे. त्याचा पत्रा वाया जात नाही आणि मला रेट चांगला मिळतो. रेट घेताना कापाची लांबी किती आणि पिअर्सिंग (काप सुरू करायला लेसरने पाडायचं भोक) किती हे दोन आकडे विचारा, बारीक होलं जास्त असली की पैसा पिअर्सिंगमध्येच जातो.

आणि बेंडिंगसाठी फ्लाय प्रेस घेतला, जुना, हाताने फिरवायचा. विकणाऱ्या त्याच माणसाकडे दहा टनी पॉवर प्रेस पण स्वस्तात होता, मला मोह झाला होता, बाबांनी पाऊल टाकू दिलं नाही. कारण तो की-क्लचचा जुना प्रेस, त्यातली की (चावी) झिजली तर पॅडल सोडल्यावरही दुसरा स्ट्रोक मारतो. त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं त्यांच्यासमोर गेली होती. त्यावर ते जास्त बोलत नाहीत.

फ्लाय प्रेसचं बेंडिंग टूल बाबांनी घरीच बनवलं, दोन्ही बेंड एका फटक्यात मारणारं, आणि त्यात ते फडक्यातले गाईड पिलर बसवले. मी काय बोलणार.

आता तो ब्रॅकेट 11 रुपये 40 पैशांना पडतो. रेघा पाच. पाचवी टॅपिंगची आहे, बाबांचं म्हणणं आहे की होलची कड कॉलरसारखी बाहेर ओढून थ्रेड फॉर्मिंग स्क्रू (स्वतःच आटे पाडणारा) थेट मारला तर तीही जाईल, माझं म्हणणं आहे शेतावरचा वायरमन तो स्क्रू चार वेळा काढघाल करेल आणि आटे जातील. दहा पीस करून दाजींच्या विहिरीवरच्या पॅनलला लावलेत. दिवाळीनंतर उघडून बघू.